नशीब, चूक आणि पंचांचे बोट

क्रिकेटचा सामना मैदानावर संपतो. वादाचा सामना मात्र त्यानंतर सुरू होतो आणि त्याला षटकांची मर्यादा नसते. आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटी संपते, पोळ्या संपतात, पण ‘तो आऊट होता की नव्हता’ हा प्रश्न संपत नाही. एक जण ताटावर हात आपटून म्हणतो, “अंपायरने मॅच घालवली!” दुसरा म्हणतो, “आपले नशीबच नव्हते, अंपायर काय करणार?” गंमत अशी की पुष्कळदा एकच मनुष्य दहा मिनिटांच्या अंतराने ही दोन्ही वाक्ये बोलतो आणि त्यात काही विसंगती आहे असे त्याला किंवा ऐकणाऱ्यांना वाटत नाही.

वास्तविक ही दोन वाक्ये अगदी वेगळी आहेत. नशिबाला जाब विचारता येत नाही. निर्णय मात्र कोणीतरी घेतलेला असतो आणि त्याचा जाब विचारता येतो. या दोहोंची सरमिसळ झाली की वाद वाढतो, पण हाती काहीच लागत नाही. ही सरमिसळ थोडी सोडवून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी काही मोठा खेळाडू नाही. गावी ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात खेळलो, तेवढाच माझा अनुभव. तेथे पंच हा नेहमी फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच असे, कारण क्षेत्ररक्षणातून माणूस काढणे परवडत नसे. त्यामुळे पायचीत हा प्रकारच आम्ही रद्द करून टाकला होता. नियम आम्हाला ठाऊक नव्हता असे नव्हे; तो नियम ज्याच्या तोंडून मान्य करावा असा तटस्थ माणूस आमच्याजवळ नव्हता. न्याय देणाऱ्यावर विश्वास नसेल तर चांगला नियमही वापरता येत नाही, हे मला महाविद्यालयात येण्यापूर्वी त्या रानातच कळले.

नशीब कशाला म्हणावे?

नाणेफेक हे नशीब होय. खेळपट्टीवरील भेगेत पडून चेंडू एकदम खाली राहिला, हेही नशीबच. फलंदाजाची कड लागून चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या स्लिपच्या मधून सीमापार गेला, तर गोलंदाजाने कपाळाला हात लावावा, दुसरे काही करण्यासारखे नसते. पाऊस हेही नशीब. परंतु पाऊस पडल्यावर काय करायचे, हे माणसे ठरवतात. येथून पुढे नशिबाचा प्रांत संपतो.

२२ मार्च १९९२ रोजी सिडनी येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झाला. दक्षिण आफ्रिकेला विजयासाठी १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या, आणि पाऊस आला. बाराच मिनिटांचा खंड पडला. खेळाडू परत आले तेव्हा हिशोब झाला होता एका चेंडूत २१ धावांचा! दक्षिण आफ्रिका १९ धावांनी हरली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या संघाची षटके कमी झाली की पहिल्या संघाने ज्या षटकांत सर्वांत कमी धावा काढल्या ती षटके हिशोबातून वगळली जात. म्हणजे आफ्रिकेने जितकी चांगली गोलंदाजी केली होती, तितकी तिची शिक्षा त्यांनाच झाली.

‘पावसाने घात केला’ असे पुष्कळ जण म्हणाले. पावसाने केवळ बारा मिनिटे घेतली. घात केला तो नियमाने. तो नियम माणसांनी केला होता म्हणूनच तो माणसांना बदलताही आला. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी शिल्लक षटके आणि शिल्लक गडी या दोहोंचा विचार करणारी पद्धत तयार केली, आणि १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथील झिंबाब्वे-इंग्लंड सामन्यात ती आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये प्रथम वापरली गेली. सर्वांनी ‘नशीब’ म्हणून हात झटकले असते, तर ही पद्धत जन्मालाच आली नसती.

पंचांपुढील अर्धा सेकंद

आता पंचांकडे वळू. त्यांना शिव्या देण्यापूर्वी त्यांचे काम काय असते ते पाहणे न्यायाचे होईल.

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात पायचीतचा निर्णय देणाऱ्याने काय काय पाहायचे? चेंडू लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेला नसावा. तो आधी बॅटला लागलेला नसावा. पायाला लागला तेव्हा तो यष्ट्यांच्या रेषेत असावा. ऑफ यष्टीबाहेर असेल तर फलंदाजाने खेळण्याचा खरा प्रयत्न केलेला नसावा. आणि शेवटी, पाय मध्ये आला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता काय? हा शेवटचा प्रश्न तर जे घडलेच नाही त्याविषयीचा आहे. झेलबादमध्ये पंच घडलेली गोष्ट पाहतात. पायचीतमध्ये त्यांना न घडलेली गोष्ट पाहावी लागते. याशिवाय आमच्या गावाकडील किंवा महाविद्यालयीन सामन्यांत गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला की काय, तेही त्यांनीच पाहायचे. एवढे सगळे करून बोट वर करायचे किंवा मान हलवायची. हा माणूस कधीच चुकू नये ही अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करतो?

क्रिकेटच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूने अपील केल्याशिवाय पंच कोणालाही बाद देऊ शकत नाहीत. फलंदाज नियमाप्रमाणे बाद असला तरीही नाही. आणि हे अपील गोलंदाजाने पुढच्या चेंडूसाठी धाव सुरू करण्यापूर्वी झाले पाहिजे. ‘हाऊज दॅट’ ही नुसती आरोळी नव्हे, तो प्रश्न आहे. या खेळात प्रश्न न विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि वेळ उलटल्यावर विचारणाऱ्यालाही मिळत नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

सिडनी, २००८

भारतात पंचांच्या चुकांचा विषय निघाला की जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीचे नाव निघतेच. ऑस्ट्रेलियाची अवस्था ६ बाद १३४ अशी झाली होती. पुढे अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना ईशांत शर्माच्या चेंडूवर त्याच्या बॅटची कड लागून झेल यष्टिरक्षकाकडे गेला. पंच स्टीव्ह बकनर यांनी त्याला नाबाद ठरवले. आपल्या बॅटला चेंडू लागला होता हे सायमंड्सने नंतर स्वतःच मान्य केले. तो नाबाद १६२ धावा करून परतला आणि ऑस्ट्रेलियाची धावसंख्या ४६३ झाली. शेवटच्या दिवशी राहुल द्रविड ३८ धावांवर खेळत असताना त्याला झेलबाद दिले गेले; त्याची बॅट पॅडच्या मागे होती आणि चेंडू पॅडला लागला होता. सौरव गांगुलीचा झेल जमिनीला टेकला की नाही याविषयी पंचांनी ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराचा शब्द प्रमाण मानला. भारत १२२ धावांनी हरला.

हे सर्व खरे आहे आणि संताप यावा असेच आहे. पण वसतिगृहातील वादात यापुढची पाने कोणी उलटत नाही. त्याच सामन्यात रिकी पाँटिंग १७ धावांवर असताना यष्टिरक्षकाकडे झेल देऊनही वाचला, आणि पुढे ५५ धावांवर चेंडू बॅटला लागलेला असताना पायचीत दिला गेला. म्हणजे एकाच डावात त्याला चुकीचा फायदाही मिळाला आणि चुकीचा तोटाही झाला. दुसरे असे की, शेवटच्या दिवशी खेळ संपायला अवघी काही मिनिटे उरली असताना मायकेल क्लार्कने एकाच षटकात आपले शेवटचे तीन गडी बाद केले. ती मिनिटे काढली असती तर कसोटी अनिर्णित राहिली असती. ते तीन बळी पंचांनी घेतले नव्हते.

‘सायमंड्सला बाद दिले असते तर आपण जिंकलोच असतो’ असे आपण छातीठोकपणे म्हणतो. हे तर्कशास्त्राला धरून नाही. तो बाद झाला असता तर पुढचा फलंदाज वेगळा खेळला असता, आपला पहिला डाव वेगळ्या परिस्थितीत सुरू झाला असता, सगळेच वेगळे झाले असते. चुकीमुळे आपली संधी हिरावली गेली असे म्हणता येते. विजय हिरावला गेला असे खात्रीने म्हणता येत नाही. हा भेद बारीक वाटेल, पण प्रामाणिक वाद याच भेदावर उभा राहतो.

बकनर यांच्याविषयीही एक वाक्य लिहिले पाहिजे. १९९२ पासून २००७ पर्यंत सलग पाच विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत उभे राहिलेले आणि शंभर कसोटींचा टप्पा गाठणारे ते पहिले पंच. सिडनीनंतर त्यांना पर्थच्या कसोटीतून बाजूला करण्यात आले. त्या कसोटीत भारत ७२ धावांनी जिंकला. अनुभवी आणि प्रामाणिक मनुष्यही एका सामन्यात अनेक चुका करू शकतो. चूक दिसली की लगेच हेतूवर संशय घेणे, ही आपली सर्वांत वाईट सवय आहे.

आपल्या पारड्यातले माप

आपल्यावर अन्याय झालेल्या सामन्यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. आपल्याला लाभलेल्या भाग्याची यादी कोणी ठेवत नाही. ३० मार्च २०११ रोजी मोहालीला विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. सचिन तेंडुलकर २३ धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंचांनी त्याला पायचीत दिले. सचिनने दाद मागितली, यंत्राने चेंडू लेग यष्टीबाहेर जाताना दाखवला आणि निर्णय फिरला. त्यानंतर पाकिस्तानच्या क्षेत्ररक्षकांनी त्याचे चार झेल सोडले. सचिनने ८५ धावा केल्या आणि आपण २९ धावांनी जिंकलो. मेसमधील चर्चेत ‘आपण नशिबाने जिंकलो’ असे या सामन्याविषयी कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. आपले नशीब ते कर्तृत्व आणि दुसऱ्याचे कर्तृत्व ते नशीब, असे आपले माप आहे.

माप सारखे ठेवणारी माणसेही आपल्याकडे झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेल गेला म्हणून बाद दिले गेले. चेंडू बॅटला लागलाच नव्हता याची खात्री पटल्यावर भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याने अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथने सामना घालवला असे म्हणणारे तेव्हाही असतील, आजही भेटतात. माझे मत वेगळे आहे. बोथमने त्या सामन्यात शतक केले आणि १३ बळी घेतले. पराभवाचे मुख्य कारण ते होते. आणि समजा, टेलरमुळेच हरलो असे धरले, तरी जी विकेट आपली नव्हती ती परत केली यात घालवले काय?

याच्या बरोबर उलट प्रसंग फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला घडला. डेनिस लिलीच्या चेंडूवर सुनील गावसकरला ७० धावांवर पायचीत दिले गेले. चेंडू आपल्या बॅटला लागला होता असे त्याचे म्हणणे होते. संतापाच्या भरात तो सहकारी सलामीवीर चेतन चौहान यालाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाला. संघाच्या व्यवस्थापकांनी सीमारेषेवर येऊन चौहानला थांबवले. तो रेषेबाहेर गेला असता तर सामना तेथेच सोडून दिल्यासारखा झाला असता. पुढे काय झाले? ऑस्ट्रेलियाला विजयासाठी १४३ धावा हव्या होत्या. पाय दुखावलेल्या कपिल देवने २८ धावांत ५ गडी टिपले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारत ५९ धावांनी जिंकला. आपल्या त्या वागण्याबद्दल गावसकरने नंतर खेद व्यक्त केला आहे. निर्णय चुकला तरी सामना शिल्लक असतो, याचे मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

यंत्र आले, वाद राहिला

पंचांच्या चुका कमी करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. पूर्वी यजमान देशाचेच पंच असत आणि पाहुण्या संघाची तक्रार ठरलेली असे. १९८६ मध्ये पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोर कसोटीसाठी पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी या दोन भारतीय पंचांना बोलावण्यात आले. पाकिस्तानने आपल्या भूमीवर भारतीय पंचांच्या हाती सामना सोपवावा, ही गोष्ट साधी नव्हती. पुढे त्रयस्थ देशाच्या पंचांची पद्धत रूढ झाली. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन येथे दूरचित्रवाणीच्या चित्रफितीवरून निर्णय देणारे तिसरे पंच आले आणि त्यांच्या निर्णयाने धावचीत होणारा पहिला फलंदाज होता आपला सचिन तेंडुलकर. २००८ च्या जुलैत भारत-श्रीलंका मालिकेत पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पद्धत, म्हणजे आजची डीआरएस, प्रथम अजमावली गेली.

येथे एक विचित्र गोष्ट नोंदवली पाहिजे. सिडनीच्या अन्यायाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज आपण उठवला, आणि चुका दुरुस्त करणाऱ्या या पद्धतीला सर्वांत जास्त काळ विरोधही आपणच केला. त्या पहिल्या मालिकेत आपली बहुतेक अपिले फसली होती. यंत्रावर विश्वास नाही, असे आपले म्हणणे होते. २०१६ मध्ये इंग्लंडचा संघ आला, तेव्हा कोठे आपण आपल्याकडच्या कसोटी मालिकेत ही पद्धत स्वीकारली.

यंत्राने वाद मिटला काय? पुष्कळ कमी झाला, पण मिटला नाही. चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीला लागेल असे यंत्र दाखवत असेल, तर मैदानावरील पंचांचा मूळ निर्णय कायम राहतो. म्हणजे अगदी तोच चेंडू एका पंचांनी बाद दिला तर बाद आणि दुसऱ्यांनी नाही दिला तर नाबाद! शिवाय दाद मागण्याची संधी मोजकी. ऑगस्ट २०१९ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडला विजयासाठी दोन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. नेथन लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्सविरुद्ध पायचीतचे अपील झाले. पंचांनी नाकारले. यंत्राच्या मते तो स्पष्ट बाद होता. पण ऑस्ट्रेलियाने आपली शेवटची संधी आदल्याच षटकात, लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूसाठी वापरून टाकली होती. इंग्लंड एका गड्याने जिंकले. पंच चुकले हे खरे. पण त्या चुकीची दुरुस्ती ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती उधळली हेही तितकेच खरे.

लॉर्ड्‌सवरील एक दिवस

नशीब, चूक आणि नियम या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच मैदानावर शेजारी-शेजारी पाहायच्या असतील, तर १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्‌सवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना अभ्यासावा. न्यूझीलंडने २४१ धावा केल्या होत्या. शेवटच्या षटकात इंग्लंडला १५ धावा हव्या होत्या. ट्रेंट बोल्टच्या पहिल्या दोन चेंडूंवर धाव नाही, तिसऱ्यावर स्टोक्सचा षटकार. चौथा चेंडू स्टोक्सने मारला आणि तो दुसऱ्या धावेसाठी परत फिरला. सीमेजवळून मार्टिन गप्टिलने फेक केली. झेप घेतलेल्या स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमापार गेला. पंच कुमार धर्मसेना यांनी सहा धावा दिल्या.

चेंडू बॅटला लागून वळला, हे नशीब. स्टोक्सने तो मुद्दाम अडवला नव्हता. त्याने तेथल्या तेथे हात वर करून दिलगिरी दाखवली. याविषयी कोणालाही बोल लावता येत नाही.

सहा धावा देणे ही मात्र चूक होती. नियमाप्रमाणे फेक केली त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले असेल तरच चालू धाव मोजायची. ते ओलांडले नव्हते. म्हणजे पाचच धावा हव्या होत्या आणि पुढच्या चेंडूला स्टोक्सऐवजी आदिल रशीद खेळायला हवा होता. ऑस्ट्रेलियाचे नामांकित माजी पंच सायमन टॉफेल यांनी हे लगेच जाहीरपणे दाखवून दिले, आणि धर्मसेना यांनीही पुढे चूक मान्य केली. ही नजरेची चूक होती, हेतूची नव्हे.

सामना २४१ वर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५-१५ धावा झाल्या. मग विजेता ठरला तो कोणी अधिक चौकार-षटकार मारले यावरून. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. हे नशीबही नव्हते आणि पंचांची चूकही नव्हती. हा नियम आधीपासून लिहिलेला होता आणि दोन्ही संघांनी तो मान्य केलेला होता. नियम वाईट होता, एवढेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बदलण्यात आला. मोठ्या स्पर्धांच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांत आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळायची असे ठरले.

तीन गोष्टी, आणि तिन्हींना तीन वेगळी उत्तरे. नशीब सोसायचे असते. चूक दाखवून द्यायची आणि जमल्यास दुरुस्त करून घ्यायची असते. वाईट नियम बदलून घ्यायचा असतो. जे सोसायचे त्यावर भांडत बसलो आणि जे दुरुस्त करायचे ते सोसत बसलो, तर दोन्हीकडून नुकसान होते.

विचारण्याचा हक्क

कोणी म्हणेल, एका खेळासाठी एवढा शब्दच्छल कशाला? मला तो खेळापुरता वाटत नाही, त्याचे कारण सांगतो.

माझे वडील शेतमजूर. आमच्या घरात ‘नशीब’ हा शब्द मिठासारखा रोजच्या वापरातला आहे. माझी थोरली बहीण एका परीक्षेत एका विषयात चार गुणांनी नापास झाली. त्या विषयात ती हुशार होती, मला गणित तीच शिकवी. निकालाचा कागद पाहून वडील म्हणाले, “पोरी, नशिबात नव्हतं.” विषय तेथे मिटला. ती शिवणकाम शिकली, पुढे तिचे लग्न झाले. गुणांची पडताळणी मागता येते, त्यासाठी अर्ज असतो, त्याला मुदत असते, हे आमच्या घरी कोणाला माहीतच नव्हते. मला ते येथे आल्यावर सूचनाफलकावर वाचून कळले, तोवर चार वर्षे होऊन गेली होती.

तिचे गुण बरोबरही असतील. परीक्षकांची चूक झाली असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याला माझ्याजवळ पुरावा नाही. माझे म्हणणे एवढेच की, प्रश्न विचारलाच गेला नाही. अपील झाले नाही आणि पुढचा चेंडू टाकला गेला. जो निर्णय माणसाने घेतला होता, त्याला आम्ही नशीब म्हटले आणि नशिबाला कोण प्रश्न विचारणार? शिकलेल्या घरांत आणि आमच्यासारख्या घरांत मला दिसलेला मोठा फरक पैशाचा नाही. ‘हे कोणी ठरवले, कोणत्या नियमाने ठरवले, आणि दाद कोठे मागायची’ हे तीन प्रश्न त्यांच्याकडे सहज विचारले जातात. आमच्याकडे ते उद्धटपणाचे वाटतात. पण क्रिकेटमध्ये अपील करणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही. नकार आल्यावर तो मुकाट्याने पुढचा चेंडू टाकायला वळतो, एवढी एकच अट त्याच्यावर असते.

वाद कसा घालावा?

म्हणून माझ्या वादप्रिय मित्रांना माझी नम्र सूचना आहे. वाद सोडू नका. सामन्याइतकीच वादाचीही मजा आहे. फक्त आवाज चढवण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्या. घडले ते नशीब होते, चूक होती की नियम होता? हीच गोष्ट आपल्या बाजूने घडली असती तर आपण तिला काय म्हटले असते? त्यानंतर सामना किती शिल्लक होता आणि त्यात आपण काय केले? आणि शेवटी, पंचांच्या नजरेविषयी बोलताना त्यांच्या नीतीविषयी बोलण्याइतका पुरावा आपल्याजवळ आहे काय?

जाता जाता क्रीडा विभागाला एक विनंती. आपल्या आंतरवर्गीय सामन्यांत अजूनही खेळणाऱ्या वर्गांचीच मुले पंच म्हणून उभी राहतात आणि दरवर्षी उपांत्य सामन्यात भांडण होते. ज्या दिवशी कला आणि वाणिज्य खेळतील, त्या दिवशी विज्ञान शाखेच्या दोन विद्यार्थ्यांना पांढरे कोट द्यावेत. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून नियम वाचून दाखवावेत. त्याला खर्च काही नाही. एवढे झाले तर येत्या वर्षी कदाचित आपल्या मैदानावर पायचीतचाही निर्णय देता येईल.